तिकडची घरपट्टी

९ एप्रिल, बुधवार

ह्यांचा फोन आला जपानवरून. तिकीट झालं. चोवीसला येतात! गेले तेव्हा हेतल पाळण्यात होती. आता धावते.

आनंद झाला. पण लगेच ह्यांनी दुसरंच काढलं. तिकडं गावाचा कर असतो म्हणे, जो तिथं राहतो त्यानं भरायचा. या वर्षाचा राहिलेला शेवटच्या पगारातून कापून घेतात. पण मागल्या वर्षी कोबीच्या शेतावर जे कमावलं, त्याचा कर येणार जूनमध्ये. तेव्हा हे इकडं. म्हणून निघायच्या आधी तिथल्या ऑफिसात कोणाचं तरी नाव लिहून द्यायचं. त्याच्या पत्त्यावर पाकीट येतं.

सासू बाजूला बसून ऐकत होती. बोलली, तिकडची घरपट्टी कशाला भरतोस रे, ये निघून गुपचूप, कोण येतंय मुरबाडला विचारायला.

मला भ्या वाटलं. विमानाजवळ धरलं म्हंजे? सासूच्या हातातला फोन घेतला. मी बोलले, काय असेल ते भरूनच या. हे हसले. बोलले, तू तर इथल्या सायबासारखी बोलतेस.

१२ एप्रिल, शनिवार

वाल्मिकनी नाव दिलं. तिकडं ह्यांच्याच खोलीत राहतो, आपल्या इकडचाच, डोळखांबचा आहे. ह्यांना बोलला, माझं नाव लिही, फक्त मला त्या ऑफिसात खाली मान घालायला लावू नको. एक काळजी गेली.

२४ एप्रिल, गुरुवार

आले. लय बारीक झालेत. हात बघितले — सगळे चिरलेले, थंडीनं.

हेतल खाऊ घेते, पण मांडीवर बसत नाय. दाराआडून बघते. मला कानात विचारलं, हा माणूस कधी जाणार? सगळ्यांना ऐकू गेलं. सासरे हसले. हे पण हसले, पण उगाच.

३ मे, शनिवार

सासू आणि मी लोणच्याला कैऱ्या फोडत होतो. बोलता बोलता सासू बोलली, ऑक्टोबरच्या आत स्लॅब पडला पायजे, मग मुकेश गेला की बाकीचं सावकाश. मी बोलले, कुठं गेला की?

सासू माझ्याकडं बघत राहिली. "तुला नाय बोलला? मोठा व्हिसा आहे, पाच वर्षांचा. तीच कंपनी बोलवते. आता नवऱ्याला पदराला बांधून ठेवू नको गो."

पाच वर्षं! सुरी हातातच राहिली.

संध्याकाळी ह्यांना विचारलं. बोलले, अजून माझंच ठरलं नाय, तुला काय सांगू. तो जूनचा कर भरल्याचा कागद लागतो, मग पुढचं. नुसत्या भिंती उभ्या आहेत घराच्या. वर पत्रा टाकून राहतोय.

१८ मे, रविवार

हेतलला ताप. दुपारी झटका आला. डोळे वर, दात घट्ट, ओठ निळे. हे समोरच होते. पहिल्यांदाच बघितलं ह्यांनी. मी तिला कुशीवर वळवलं, अंगातलं सैल केलं, तोंड पुसलं. हे नुसते उभे. हाक मारली तरी ऐकू येत नव्हतं ह्यांना.

जीप मिळाली नशिबानं. शहापूरला नेली. डॉक्टर बोलले, तापातले झटके आहेत, मोठी झाली की जातील, पण ताप चढू द्यायचा नाय.

येताना ह्यांनी विचारलं, आधी कधी झालेलं? मी बोलले, झालेलं. "मग फोनवर का नाय बोललीस?" सासूनं सांगितलेलं, तिकडं त्याच्या जिवाला घोर नको. म्हणून मी एवढंच सांगायची, ताप आला होता, आता बरी आहे. मागल्या पावसात जीप नव्हती, ओढा भरलेला, तिला खांद्यावर टाकून मोठ्या रस्त्यापर्यंत गेले — ते आज पण नाय सांगितलं.

जीपमध्ये हेतल ह्यांच्या मांडीवर होती. औषधाच्या गुंगीत, म्हणून बसली.

२ जून, सोमवार

हेतल बरी आहे. भात खाल्ला.

११ जून, बुधवार

वाल्मिकचा मेसेज आला. माझ्या फोनवर. ह्यांच्या जपानच्या फोनात इकडचं सिम चालत नाय, म्हणून माझा नंबर दिलेला. पाकिटाचा फोटो आहे. अन् बोलून पाठवलंय, वहिनी, मुकेशला सांगा कर आला, तीस तारखेच्या आत भरायचा. पैसे तो माझ्याकडं ठेवूनच गेलाय, तो हो बोलला की मी भरतो.

हे शेतावर होते, भाताचा राब पेरायला. आले की सांगते म्हणून फोन ठेवला. आले, हातपाय धुतले, जेवले. नाय सांगितलं. मी विसरले असं पण नाय.

१३ जून, शुक्रवार

मी ग्रामपंचायतीत गेलेले. हेतलचं आधार काढायचंय, त्याला रहिवासी दाखला पायजे. शिपाई बोलला, घरपट्टी थकलीय तुमची, आधी ती भरा, मग दाखला. मी बोलले, पोरीचं काम आहे हो भाऊ. बोलला, पोरीचं असो नायतर सरपंचाचं, थकबाकीवाल्याला दाखला नाय.

बाकड्यावर एक म्हातारा बसलेला, तो बोलला, "जपानवाल्याची घरपट्टी थकली! मग भरता कुठची, तिकडची?" सगळे हसले. मी पण हसले. काय करणार.

घरी येताना डोक्यात आलं. आलं ते जाईना. पट्टी थकली तर दाखला नाय. तिकडं पण सरकारच आहे, तसंच असणार. कर थकला तर कागद नाय, कागद नाय तर व्हिसा नाय. व्हिसा नाय तर हे इथंच.

अन् मीच फोनवर बोललेले, भरूनच या.

१५ जून, रविवार

आज पण नाय सांगितलं.

१९ जून, गुरुवार

मेसेज पुसायला बोट नेलं. पुसवला नाय. हेतल खेळायला फोन मागते, देत नाय. रडते, तरी देत नाय. सासू बोलली, असं काय सोनं ठेवलंय त्यात.

वाल्मिक परत विचारत पण नाय. एकदा जरी विचारलं असतं तर सांगून मोकळी झाले असते.

मुरबाडच्या बाजारात त्याची आई भेटली, सकुबाई. रानातली शेवळं विकायला बसलेली. एक जुडी माझ्या पिशवीत कोंबली, पैसे घेईना. बोलली, तुझ्या नवऱ्यानं माझ्या पोराला भावासारखा सांभाळलाय तिकडं. घरी आणून भाजी केली. सगळ्यांनी बोटं चाटली. मी नुसता भात खाल्ला. वाल्मिकला त्या ऑफिसात बोलवतील, विचारतील, तुझंच नाव आहे ना? त्यानं माझं काय वाईट केलंय?

पण हेतलचं कपाळ किती वेळा चाचपते मी, माझं मला ठाऊक. पाच वर्षं एकटीनं नाय होणार. सगळे बोलतात, पैसा येतो की. पैसा तिला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडणार का?

२१ जून, शनिवार

घरपट्टी भरली ह्यांनी. दाखला मिळाला लगेच. शिपायानं चहा पण पाजला म्हणे.

२४ जून, मंगळवार

जेवताना ह्यांनी विचारलं, वाल्मिकचं काय आलं का गं?

नाय.

पटकन निघालं तोंडातून. हे "बरं" बोलले. भाकरी मोडली. माझ्याकडं जरा जास्तच बघितलं, का मलाच तसं वाटलं.

आता खोटं पण बोलले. आधी नुसतं गप्प होते.

२७ जून, शुक्रवार

अंग दुखतंय. झोप नाय. हेतल आज ह्यांच्या पाठीवर बसून घरभर फिरली. मी बघितलंच नाय असं केलं. बघितलं असतं तर रडू आलं असतं.

२९ जून, रविवार

दाखवला.

उद्या शेवटचा दिवस. सकुबाईचं तोंड डोळ्यापुढून जाईना. हे अंगणात फवारणीचा पंप खोलून बसलेले. फोन समोर धरला. मी बोलले, हा मेसेज अकरा तारखेलाच आलेला. मीच ठेवला. तुमी परत जाऊ नये म्हणून ठेवला. पण त्या माणसानं नाव दिलंय, त्याला सांगा आज तरी भर.

ह्यांनी फोन हातात पण नाय घेतला.

"भरलाय. बाबांचा पण नंबर होता त्याच्याकडं, त्याच दिवशी त्यावर फोन केलेला, बोलला वहिनीला मेसेज टाकलाय. फोन माझ्याकडं होता शेतात. लगेच हो बोललो मी."

मी बोलले, मग मला का नाय सांगितलंत?

"तू काय करतेस ते बघत होतो."

ओरडले असते तर बरं झालं असतं. एक पण शब्द वाकडा नाय. पंपाची नळी फुंकून बघितली, परत बसवली. बोलले, चहा टाक.

चहा टाकला. म्हंजे कर भरला. म्हंजे कागद मिळणार, हे जाणार. अन् मी खोटी ठरले ती ठरलेच. कपडे बादलीत भिजत पडलेत सकाळपासून. धुवायला उठवत नाय.

३ जुलै, गुरुवार

वाल्मिकचा फोन आला सकाळी. लय खुशीत होता. बोलला, वहिनी, तुमच्या दोघांचे उपकार! ऑक्टोबरच्या त्या जागेवर माझ्या धाकट्या भावाला घेतलं, कंपनीनं आजच कळवलं. मी बोलले, अन् हे? बोलला, मुकेशनी आपलं नाव मागं घेतलं ना, मला कर भर बोलला त्याच दिवशी. पोरीला सोडून नाय जमणार बोलला. तुमाला ठाऊक असेल की.

मी हो बोलले.

हे लावणीला गेलेत. सासू सासऱ्यांना सांगते, ऑक्टोबरला मुकेश गेला की लादी घालू. घरात कोणालाच ठाऊक नाय. मला पण ह्यांनी सांगितलं नाय अजून.

मी पण विचारणार नाय. आता मी बघते.