ब्रेकलायनरवर तेल

८ नोव्हें., शनिवार
अंगणातल्या दुर्बिणीच्या खांबाचं सिमेंट सुकलं एकदाचं. जीपच्या चाकाचं जुनं हब वर बसवलं, तिरपं, वीस अंशाच्या जरासं वर, तोंड ध्रुवाकडे. ध्रुव शुभीनं लावून देला. पोरीची नजर माह्यापेक्षा पक्की. शेजारचे काका कुंपणावरून, "तोफ हाये का?" सांगितलं बावा, पृथ्वी फिरते म्हणून तारा दुर्बिणीतून पळते. हा दांडा ध्रुवाकडे रोखून मोटारीनं हळूहळू उलटा फिरवला का तारा जागीच थांबते.
"मंग थांबवून करता काय?"
घ्या! दुकानात दिवसभर लोकायच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करतो, तवा कोणी विचारत नाही काय करता म्हणून.

११ नोव्हें.
थांबला!! शनी. गाडीच्या वायपरची मोटार, अन् दांड्याले पकड म्हणून मोटरसायकलचं ब्रेकलायनर. कडी यंदा सुईसारखी बारीक, पण दिसली. शुभीनं पूर्ण चहा पिऊन पुन्हा डोळा लावला, तरी तिथंच. नाचली पोट्टी अंगणात. मंदाले हाक मारली, ये पाह्य म्हटलं. नवऱ्याची हौस म्हणून तरी. दारातूनच बोलली, "लोकं शनीपासून दूर पळतेत, तुम्ही कायले घरी बोलावता?" पदर डोळ्यावर ओढून आत गेली. हसलो आम्ही बापलेक.

१७ नोव्हें.
नेरच्या पावण्यायचा फोन. शुभीच्या साक्षगंधाची तारीख निघालती. आता लग्नाले नाही म्हणतेत. कारण नाही, काही नाही. मंदा रडली नाही. अंगणात जाऊन खांबाकडे पाहत उभी राह्यली. "आणला ना घरी? बसा आता!" मी म्हटलं, बयताडासारखं बोलू नको. शुभी म्हणे बरं झालं. जेवली मात्र नाही.

३० नोव्हें.
सरकून राह्यलं. मोटार फिरते, दांडा ढिम्म. शनी दोन मिनिटात पसार. लायनर पालटलं, पट्टा पालटला, हब पुरं खोलून पुसलं. चार दिवस झकास, मंग पुन्हा तेच. डोकं फिरलं. लायनर चिकट काहून लागते? ग्रीस तर मी तिकडं लावलंच नाही.

६ डिसें., शनिवार
सापडलं.
दुपारी अवचित घरी आलतो. मंदा खांबापाशी, हातात वाटी. तेल! हबवर रुईची पानं, काळे उडीद. नेरचा फोन आल्यापासून दर शनिवारी वाहून राह्यली बाई. माह्या लायनरवर! शनी उतरावा म्हणून.
वाटी हिसकून फेकली. नको नको ते बोललो. तीही मागं सरली नाही, "तुमचं चाक सरकलं तर जीव जाते तुमचा. माही पोरगी घरी बसली, त्याचं काय?"
फडकं घेऊन हब पुसत बसलो. राग मात्र जाऊन नाही राह्यला. सांगितलं असतं तर... सांगितलं असतं तर काय, हसलोच असतो.

१० डिसें.
अबोला. निरोप शुभीच्या हातून, "आई विचारते, डबा नेता का." नेतो म्हणा.
रविवारी दुसरे पावणे. इथलेच, दारव्ह्याचे. मंदाचं म्हणणं, त्याच्या आत खांबावरचं ते काढा. माहं म्हणणं, मेलो तरी काढत नाही. दोघायचं ऐकून शुभी भाकर थापता थापता म्हणे, "बाबा, काढून टाका."
वर पाह्यलं नाही तिनं. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर भांडलो असतो.

१४ डिसें., रविवार
दुर्बीण, हब, सगळं काल दुकानात नेऊन टाकलं. नुसता खांब राह्यला. पोराच्या बापानं विचारलंच, हे काय हो? मी तोंड उघडाच्या आत मंदा, "तुळशीवृंदावन बांधून राह्यलो." वा वा, चांगलं हाये, म्हणे. मी चहा ढवळत बसलो. साखर कवाच विरघळली होती.
मंग पोराले अन् शुभीले ओसरीत बोलाले बसवलं. मी दारापाशी. पोरगा बरा हाये, खोटं कायले लिहू. सरळ बोलते, हसून बोलते. त्यानं विचारलं, तुम्हाले आवड कशाची?
शुभी म्हणे, "शिवणकाम."
शिवणकाम! पोट्टीले सदऱ्याचं बटन लावता येत नाही. अन् मंदा माह्याकडे पाहून मान हलवते, पाह्यलं का कशी शहाणी हाये म्हणून. त्या पोरानं खरं ऐकून घेतलं असतं का नसतं, देव जाणे. तिनं सांगूनच पाह्यलं नाही.
पावणे खुशीत गेले. उद्या कळवतो म्हणे. मंदानं कितीक दिवसानं स्वतः वाढलं मले, वांग्याची भाजी, गरम भाकर. होकार येईन म्हणते. शुभीले विचारलं, तुले काय वाटते? "तुमाले चालते ते."
उद्या फोन येईन. होकार यावा का न यावा, मलेच समजून नाही राह्यलं.