पॅनेल कुणी हलवलं?

३ फेब्रुवारी, सोमवार

पॅनेल, म्हणजे कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरची बटणांची पट्टी, पुन्हा डावीकडे! शनिवारी मी स्वतः ओढून खाली आणलं होतं. आज ऑफिस उघडतो तर पट्टी डाव्या कडेला उभी, शिवाय लॉक केलेली.

अश्लेषाला म्हटलं, "हे काय?"

"अप्पा, स्क्रीन रुंद आहे. बाजूला जागा वाया जाते. पट्टी खाली ठेवली की ऑर्डरच्या ओळी कमी दिसतात."

बरोबर आहे. पण बरोबर आहे म्हणून लगेच कबूल करायला पाहिजे असं काही नाही. तिची पाठ वळल्यावर उजवं बटण, पॅनेल प्रेफरन्सेस, लॉक काढला, परत खाली. आता मलाही येतं की!

हा कॉम्प्युटर भंगारात जाणार होता. चालू करून चहा पिऊन यावं तरी निळा गोल फिरतच असायचा. पोरीनं दिवाळीनंतर सर्जापूर रोडवरची सॉफ्टवेअरची नोकरी सोडली आणि "तोवर येते शेडवर" म्हणून इथं बोम्मसंद्र्याला माझ्या वर्कशॉपवर यायला लागली. पहिल्याच आठवड्यात तिनं त्यात लिनक्स घातलं. मेलेलं जनावर उठून चारा मागायला लागावं तसा तो पळायला लागला.

"तोवर" म्हणजे कुठवर, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

श्रीहर्ष येऊन गेले. शेजारची शेड त्यांची, ती रिकामी होतेय. महिनाअखेर सांगा म्हणाले, नाहीतर एक पॅकिंगवाला दारात बसलाय.

शेड हवी आहे. दोन मशीन आणखी बसतील, काम तर दाराशी येऊन परत जातंय. पण मी मशीनचा माणूस. आतून टूल घासायला लागलं तर मला इथं काचेआड कळतं, ऑपरेटरच्या आधी. ऑफिस मात्र मला पेलत नाही. कुणाचं काय आलं, कुणाला कधीचा शब्द दिला — एका शेडचं होत नाही, दोन शेडचं काय होणार! घरचं माणूस खुर्चीत हवं.

म्हणजे अश्लेषा राहिली तर शेड. नाही राहिली तर नाही. सरळ आहे.

तिला सरळ विचारावं? छे. विचारलं की पोरं उत्तर देतात, आणि एकदा दिलं की त्याला चिकटून बसतात. मी आयुष्यभर सौद्यात आधी तोंड उघडलेलं नाही. कान उघडे ठेवायचे. कळतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पॅनेलमध्ये टाकायच्या वस्तूंत एक गंमत सापडली — डोळे! खरोखरीचे दोन डोळे, माउस जाईल तिकडं बुबुळं फिरवतात. लावून टाकले. सुपरवायझर खंडोजीला बोलावून दाखवलं.

"मालक, हे तर माझ्यावरच बसवलंय म्हणा की!"

पोट धरून हसलो. प्रतिमा डबा घेऊन आली होती, तीही पदर तोंडाला लावून हसली. हल्ली डबा तीच आणते. आपण समोर बसल्याशिवाय पोरगी जेवत नाही म्हणे. आईचं असंच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

डोळे गेले. पट्टी डावीकडे. बोलण्यात अर्थ नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. बोटं शिवशिवतायत.

१० फेब्रुवारी, सोमवार

वॉलपेपरला माझ्या पहिल्या लेथचा फोटो लावला. निपाणीहून हातात एक पिशवी घेऊन आलो, आणि काही वर्षांनी ही लेथ माझी झाली. गंजकी, कुरकुरणारी. ऑफिसात शिरणाऱ्यानं आधी ती बघावी!

अश्लेषानं चष्मा पुसून बघितलं. "अप्पा, मशीन देखणी आहे. पण तिच्या पोटावर एक आयकॉन दिसेल तर शपथ."

"दिसत नाही तर मोठे कर की आयकॉन."

"करणारच आहे."

हे "करणारच आहे" मी लक्षात ठेवलं. जाणारं माणूस असं बोलत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज चकितच झालो! लेथ गेली. जागी साधा फिकट हिरवा वॉलपेपर, त्यावर उभ्या दोन रेघा मारून तीन कप्पे. ऑर्डर आली की तिची फाइल पहिल्या कप्प्यात, काम सुरू झालं की मधल्यात, माल गेला की शेवटच्यात. माउसनं उचलायचं, ठेवायचं. आयकॉन हे मोठाले. पट्टीवर फक्त लागतं तेवढंच — फोन नंबर, कॅलेंडर, ड्रॉइंग, प्रिंट. बाकीची गर्दी झाडून टाकलेली.

स्वयंपाकघरातली मांडणीच की ही! न बघता हात बरोबर डब्यावर जावा अशी.

फक्त एक. नावं सगळी कन्नडमध्ये. मी कन्नडमध्ये गिऱ्हाइकाशी भांडू शकतो, वाचायला मात्र बसच्या पाटीपलीकडं गेलो नाही — शाळा मराठी आमची. अक्षर अक्षर लावत बसलो. प्रतिमा कन्नड शाळेतली, डब्याचं झाकण काढता काढता वाचून मोकळी झाली : बंतू, नडीतिदे, होयतू. आलं, चाललंय, गेलं.

"कन्नड कशाला गं?" मी अश्लेषाला.

"इथं रोज बसणाऱ्याला वाचता आलं पाहिजे ना, अप्पा."

जेवताना उलगडलं. ऑपरेटर सगळे कन्नडवाले! पोरगी मालकासारखा विचार करायला लागली. उद्या कामगारांनी स्वतः येऊन आपलं काम बघावं, आपलं उचलून पुढं ठेवावं. मला इतक्या वर्षांत सुचलं नाही!

पॅनेल डावीकडं राहू दे. हरलो. असं हरायला काय हरकत आहे?

१७ फेब्रुवारी, सोमवार

पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका गिऱ्हाइकाकडं गेलो होतो, काम लवकर आटपलं. शेडमधून मागच्या बाजूनं आत येतो तर काचेआडून टाइपिंग ऐकू आलं. अश्लेषाचं टाइपिंग म्हणजे पत्र्यावर ज्वारी ओतल्यासारखं. आजचं वेगळं. एक टक. थांबणं. परत एक टक.

"मालक आले ओ!" खंडोजी एवढ्यानं ओरडला की मशीनचा आवाज खाली गेला.

आत गेलो. अश्लेषा खुर्चीत, प्रतिमा डबा पिशवीत भरत होती.  

मी ऐकायचं ते ऐकलं होतं. पोरगी विचारात आहे. एकेक अक्षराला थांबतेय. नोकरी की शेड, हेच चाललंय तिच्या डोक्यात. आणि असं रेंगाळणारं माणूस शेवटी राहतं. गिऱ्हाईक दारात घुटमळायला लागलं की ऑर्डर आलीच समजायची.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पट्टीवर आणखी एक बटण. दाबलं की सगळी अक्षरं मोठी होतात. मला चाळिशी कधीची लागलीय, बापाची काळजी!  दोनदा दाबून बघितलं फक्त.

श्रीहर्ष रस्त्यात भेटले. "एनु, रत्नाकर अण्णा, शेडचं काय?"

म्हटलं, "होच धरा."

"नक्की?"

"सही तेवढी महिनाअखेरीला."

बोलून गेलो. बोलल्यावर बरं वाटलं. जो माणूस ऑफिस एवढं मन लावून मांडतो तो ते सोडून जात नसतो. भाड्याच्या खोलीत कुणी भिंतीत कपाटं बसवतं का?

२४ फेब्रुवारी, सोमवार

दोन मशीनचे कॅटलॉग मागवले. खंडोजीला शेजारची शेड दाखवून आणली. "इकडं लेथ, इकडं मिलिंग." तो नुसता मान हलवत होता.

"काय रे, बोल की!"

"मालकीणबाईंना दाखवलीसा काय?"

"तिला काय कळतंय ह्यातलं!"

खंडोजी छताकडं बघायला लागला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. उपास. शेड बंद.

संध्याकाळी देवळातून आलो. अश्लेषा माझ्याजवळ येऊन बसली. तिनं टीव्हीचा आवाज बंद केला तेव्हाच मला कळलं.

कोइम्बतूरला पंप बनवणारी एक कंपनी आहे. डिझाइनला घेतलंय तिला. पंधरा मार्चला हजर व्हायचं. सर्जापूर रोडला स्क्रीनवरची बटणं हलवत होती, तिथं स्वतः काढलेला पंप फिरताना बघायला मिळेल. हे सांगताना तिचा चेहरा असा होता की मी नाही म्हणणारा कोण! मीही निपाणी सोडली तेव्हा माझा चेहरा असाच असणार.

"जा," म्हटलं. "जायलाच पाहिजे."

मग राहवलं नाही. "मग ते सगळं कशाला मांडलंस? कप्पे, मोठी अक्षरं, पट्टी?"

"मी गेल्यावर अडायला नको म्हणून."

"मला या वयात कन्नड वाचायला लावणार तू?"

तिनं आईकडं बघितलं. प्रतिमा साबुदाणा वाढत होती. वाढतच राहिली.

"अप्पा, तुम्ही ऐकता सगळं," पोरगी म्हणाली. "विचारत काही नाही."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर त्या खुर्चीत बसून बघितलं. कॅलेंडर समजून ड्रॉइंग उघडलं, ड्रॉइंग समजून प्रिंट दिली, कोरे कागद सुळसुळ बाहेर. होसूरच्या गिऱ्हाइकाला कुठला वार सांगितला होता ते सापडेना. दुसरीकडं कुठंतरी टूल बोंबलत होतं, मन तिकडं. दोन्हीकडं मी पुरणार नाही. पुरल्याचं सोंग मला जमत नाही.

वाईट वाटतंय ते पोरीच्या जाण्याचं नाही. तिनं बरोबर केलं. वाईट वाटतंय ते एवढंच, की मी सगळं ऐकलं आणि सगळं चुकीचं लावलं. श्रीहर्षना "होच धरा" म्हणून बसलो. माझा शब्द आजवर मागं गेलेला नाही, उद्या जाणार. फोनवर नाही सांगणार. तोंडावर जाऊन सांगेन. कॅटलॉग कपाटात टाकले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी श्रीहर्षांकडं गेलो. तोंड उघडायच्या आत तेच हसत म्हणाले, "मॅडम सकाळीच येऊन हो सांगून गेल्या की! ताब्याची तारीखही ठरवली. स्वल्प भाडंसुद्धा कमी करून घेतलं माझ्याकडून."

कुठल्या मॅडम? अश्लेषा तर सकाळपासून कोइम्बतूरला खोली बघायला गेलेली.

तसाच शेडवर आलो. काचेआड खुर्चीत प्रतिमा. कानाशी फोन, एक हात माउसवर. "इल्ल सर, सोमवार आगल्ल. बुधवार कोडतीनी. बुधवार अंद्रे बुधवार." सोमवारी होणार नाही, बुधवारी देते, बुधवार म्हणजे बुधवार! फोन ठेवला. पहिल्या कप्प्यातली फाइल उचलून मधल्यात ठेवली — मान वर न करता. मग कीबोर्डवर एक टक, थांबणं, परत एक टक. मग मी दिसलो.

"दारात काय उभे राहिलात? बसा की. चहा सांगते."

समोर एकच खुर्ची रिकामी होती, गिऱ्हाइकाची. बसलो.