मधूनच विचारलेला पाढा

मास्तर, तुम्ही गेलात त्याला तीस वर्षं होत आली. बातमी कळली तेव्हा मी पाटाच्या कडेला मेथी धूत होते आणि धूतच राहिले. आज नातीच्या वहीचं कोरं पान फाडून लिहायला बसले आहे, कारण तुमची खोड माझ्या घरात निघाली. माझं शिक्षण दोन यत्तांचं, तेही तुमच्याच हातचं, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर दोष तुमचा.

ही नात बारामतीत इंग्रजी शाळेत जाते. परीक्षा पंधरा दिवसांवर आलेली आणि तिच्या बापानं बजावून ठेवलेलं, "नापास झालीस की शाळेतनं नाव काढणार. इंदापूरचं स्थळ थांबलंय." पोर दिवसभर घोकायची. रोज धडा पहिल्या ओळीपासून, मोठ्यानं, डोलत. मी भाकरी थापता थापता ऐकत होते आणि माझे हात थांबले. तो सूर तुमचा होता. तशाच पिठाच्या हातानं पुस्तक ओढलं, मधल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हितनं पुढं सांग."

"आज्जी, असं न्हाय येत. पयल्यापासनं सांगते की."

"परीक्षेत तुला पयल्यापासनं कोण इचारणार हाय? तुझा व्हनारा सासरा?"

तुमच्या शाळेत हेच चालायचं. तुम्ही खांबाला टेकून तपकीर ओढताय, आम्ही एका सुरात ओरडतोय. सूर चुकला नाही की तुम्हाला वाटतं पोरांना येतंय. मग एक दिवस डिपोटी साहेब तपासणीला येतात, एवढ्या मुलांत एकटी मुलगी म्हणून मलाच उभं करतात आणि विचारतात, सात नवे किती? मी सुरू करते, सात एके सात, सात दुणे चौदा. साहेब हसतात. मी सात चोकला पोचते तोवर ते पुढच्या मुलाकडे वळलेले असतात. ते गेले आणि तुम्ही माझ्या बापाला बोलावून घेतलंत. "आबा, हिच्या डोक्यात भाजीच भरलेली आहे. हिला मळ्यातच ठेवा." बापाला तेवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात खुरपं आलं. आमच्या मळ्यातली मेथी मात्र दर आठवड्याला तुमच्या घरी जात राहिली. ती भाजी तुम्हाला चालली.

नातीला मी भेंडीत नेलं. भेंडीचा तोडा दिवसाआड करावाच लागतो. एक तोडा चुकला की शेंग जून होते, मग गुरंही तोंड लावत नाहीत. मी एकेका सरीला एकेक धडा लावून दिला. कुठल्या सरीत शिरायचं ते मी सांगणार, ओळीनं जायचं नाही. पुस्तक बांधावर. तोडता तोडता धडा सांगायचा, अडलं तर बांधावर जाऊन बघायचं, परत सरीत यायचं, आणि जे अडलं ते पुढच्या तोड्याला सगळ्यात आधी. पहिल्या दिवशी रडकुंडीला आली.

"अंगाला खाज सुटलीय अन् त्यात तुजा भूगोल."

"सुटू दे. छडीपरास बरी हाय."

दुसऱ्या तोड्याला निम्मं विसरली होती. चौथ्याला कमी. सहाव्याला मी धड्याच्या शेपटाकडून विचारत गेले तरी पोर थांबेना, उलट मलाच म्हणाली, "आज्जी, सरी सांग की लवकर, ऊन चढतंय."

काल निकाल लागला. पास झाली. तिचा बाप ताटावर खाली मान घालून भेंडी खात होता. मी म्हटलं, "इंदापूरला निरोप धाड, दुसरी बघा म्हनावं." त्यानं अजून एक भाकरी मागून घेतली. आज सकाळी निरोप गेला.

हा कागद आता चुलीत घालीन. त्याआधी एक गोष्ट, जी मी कुणाला सांगितलेली नाही. आमच्या घरी मेथीच्या जुड्या नऊ-नऊच्या ढिगानं लावत. सात ढीग म्हणजे त्रेसष्ट, हे मला तुमच्या शाळेत यायच्या आधीपासून माहीत होतं. साहेबांनी विचारलं तेव्हा उत्तर जिभेवर होतं. पण मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही छडी हातात धरून मान डोलावत होतात, पहिल्यापासून सुरू कर म्हणून. आणि मी तुमचं ऐकलं.