सेनापतीची अंघोळ

सूनबाई,

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण तुझ्या पांढऱ्या कपात ब्रश मी धुतले नाहीत. मी आणि तुझी लेक खेळण्यातले बोटभर शिपाई रंगवत होतो, तेवढ्यात ओल्या रंगाचा सेनापतीच घोड्यासकट कपात उतरला आणि अंघोळ करून आला. शी! काय तो हिरवा गाळ, वर फेस, आणि चव तर आंबलेल्या मोज्यांची! नवा कप आणायला निघालोय. भांड्याला रंग लागला तर पलटण केराच्या डब्यात, असं तू बजावलंयस. पण पोरीचे निम्मे शिपाई अजून रंगायचेत, टाकू नकोस गं.

ही बघ, खांद्यावरून वाचून ओरडतेय, “आजोबा, चव कशी कळली? चहा समजून तुम्हीच प्यायलात, जीभ अजून हिरवी आहे!”