आऱ्याच्या समोरची जागा

प्रिय वसंताचे बापू,

'प्रिय' मी सांगितलेलं नाही. सुनेनं तिच्या मनानं लिहिलं. खोड म्हटलं, तर म्हणते कागद खराब होतो. राहू द्या आता. तुम्ही असता तर लाजून विहिरीकडं निघून गेला असता.

ओळख पटली का? तुमचा काय भरवसा! मंगरूळपीरच्या बाजारात मिठाला जाऊन बैलाची घंटा घेऊन येणारा माणूस. एकदा तर मलाच स्टँडावर विसरून गाडीत बसलात, आणि वर कंडक्टरला दोन तिकिटं मागितलीत. म्हणून सांगून ठेवते. मी इंझोरीची, तुमची बायको. मला अक्षर येत नाही, हे तरी आठवतं ना? मी बोलते आणि शांता लिहिते. माझं बोलणं ती शाळेतलं करून लिहिते. दुसऱ्यांचं आणि मी त्यांना दिलेलं उत्तर मात्र जसंच्या तसं घाल, असं मी तिला बजावलं आहे.

आज का लिहिते? आज अक्षय तृतीया. घागर भरली, तुमचं पान वाढलं, आणि तुमच्या पानावर जो बसला त्यानं असं काही मागितलं की मी शांताला कागद आणायला लावला. उद्या सकाळी कामरगावच्या वाटेवरचा वाळका आंबा पाडायचा आहे. त्याच्या आत तुम्हाला विचारायचं आहे.

तुमच्या पानावर बसला सखाराम. दुसरं कोण बसणार होतं?

सगळ्या मुलखाला तुमची जोडी माहीत होती. झाडं कापायच्या दोन मुठींच्या आऱ्याच्या एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला तो. लोक तुम्हाला नावानं कुठं बोलवत होते? 'इकडची मूठ' आणि 'तिकडची मूठ' म्हणायचे. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं सोडायचं. लाकूड पडेपर्यंत कोणी मूठ सोडायची नाही, हा तुमचा कायदा. पाणी प्यायचं तरी दोघांनी एकदम. मी कितीदा म्हटलं, तुमचं लग्न माझ्याशी झालं की त्याच्याशी? तुम्ही हसायचात, उत्तर द्यायचं विसरायचात.

मग दुष्काळात वाळलेली झाडं तोडायला ठेकेदारानं तो पेट्रोलचा आरा आणला. एका माणसाचा आरा! त्याच्याबरोबर आलेल्या माणसानं एक दिवस उभं राहून शिकवलं. दोन्ही हातांनी धरा. पात्याच्या रेषेत उभे राहू नका, जरा बाजूला राहा. पात्याचं नाक कशाला टेकू देऊ नका, टेकलं की मशीन उसळतं. आणि चालू असताना समोर कोणी नको. तुम्ही प्रत्येक गोष्टीला मान हलवलीत. विडी संपेपर्यंत विसरलात.

मशीन सखारामच्या हाती दिलं. तुम्हाला फांद्या छाटायला सांगितल्या. तुम्ही कोयता घेऊन गेलात आणि थोड्या वेळानं परत येऊन सखारामच्या समोर उभे राहिलात, खोडाला तळवा लावून. म्हणालात, "समोर कोणी नसंल तं आऱ्याले सरळ जायाचं कसं समजंल?"

सखाराम 'सरक' म्हणाला नाही. कसा म्हणेल? सगळा जन्म तुम्ही तिथंच उभे होता. तुम्ही तिथून गेला असता तर त्यालाच चुकल्यासारखं झालं असतं. पात्याचं नाक दुबेळक्यात, दोन फांद्यांच्या बेचक्यात, टेकलं आणि मशीन उसळलं. पुढचं मी सांगत नाही आणि शांता लिहीत नाही.

पण एक बोलते, राग मानू नका. मीठ विसरलात, बायको विसरलात, पोराच्या बारशाचा दिवस विसरलात. ती एक सवय तेवढी विसरता आली नाही का हो?

त्या दिवसापासून सखारामनं मशीनला हात लावला नाही. वसंतानं लावला. मी त्याच्याशी पोळ्यापर्यंत बोलले नाही. मग एकदा जेवताना तोच म्हणाला, "माय, मशीन खराब नाही. ते फक्त एकट्याचं हाय. आपून त्याले जोडीचं समजलो."

आता त्या मशीनचे लाड बघायला तुम्ही हवे होता. कामावरून आला की आधी त्याला निवू देतो. गरम असताना पेट्रोलचा थेंबसुद्धा घालत नाही. पेट्रोलात तेल मोजून मिसळतो, आणि तो डबा चुलीपासून लांब, गोठ्याच्या पलीकडं ठेवतो. आसपास कोणी विडी काढली तर पाहुणा असो की सोयरा, उठवतो. साखळीचा दात न् दात गोल कानशीनं घासतो. एका बाजूचे जास्त घासले तर काप वाकडा जातो म्हणे. मग साखळी बोटानं ओढून बघतो. पात्याखाली लोंबायला नको, आणि हातानं फिरली तर पाहिजे. भुसा झाडतो, हवेची जाळी धुतो. धोतर सोडून खाकी पँट घालतो, कारण सोगा साखळीत गेला तर माणूसही त्याच्यामागं जातो. शांता म्हणते, माझ्या वेणीकडं यांनी कधी एवढं पाहिलं नाही. हे लिहायचं नव्हतं तिला. मी लिहायला लावलं.

तेव्हा वसंताची मला भीती नाही. भीती सखारामची आहे.

या उन्हाळ्यात तो कामाच्या जागी यायला लागला. आधी लांब सावलीत बसायचा. मला वाटलं, बरं झालं, घराबाहेर पडला. मग थोडा जवळ बसायला लागला. मग आणखी जवळ. आता मशीन सुरू झालं की उठतो आणि वसंताच्या समोर जाऊन उभा राहतो. तळवा खोडाकडं करतो आणि अंग मागं-पुढं हलवतो, आरा ओढल्यासारखं. वसंता मशीन बंद करतो, साखळी थांबेपर्यंत वाट बघतो, म्हणतो, काका, बाजूला व्हा. तो होतो. मशीन सुरू झालं की पुन्हा येतो.

वसंता मला म्हणाला, "माय, त्या आवाजात पाय वाजत नाहीत. माही नजर साखळीवर असते. कापावर सावली पडली म्हंजे समजते का काका आला."

हे ऐकल्यापासून मला उन्हात कुठंही सावली हलली की धस्स होतं. बापाच्या जोडीदाराला पोरानं हाताला धरून हाकलावं कसं? दोनदा मीच सखारामच्या घरी गेले. चहा प्यालो, पावसापाण्याचं बोललो. मुद्द्यावर आले की तो भिंतीकडं बघायचा.

म्हणून आज मी मनात धरलं होतं की त्याला तुमच्या पानावर बसवावं आणि तिथं बोलावं. पितराच्या पाटावर बसलेला माणूस तेवढ्यापुरता तुम्ही होतो ना? तुमचं तरी ऐकेल. वसंतानं त्याचे पाय धुतले, कुंकू लावलं. पुरणपोळी, कढी, वडे, कुरडई, पन्हं, सगळं वाढलं. तो खाली मान घालून जेवला. रीतीप्रमाणं आधी मीच विचारलं, बापू, आणखी काही पाहिजे का?

पितर मागेल ते द्यावं लागतं, हे त्याला माहीत होतं. त्यानं पानावर हात आडवा धरला. मान तुमच्यासारखी तिरपी केली. म्हणाला, "उद्या वसंतासमोर मले उभं राहू द्या."

वसंताच्या हातातली कढीची पळी तिथंच राहिली. शांता चुलीपाशी होती, ती वळली नाही.

आता खरं सांगा. हे तुम्ही मागितलंत की सखारामनं? तुम्ही मागितलं असेल तर कोणता बाप असं मागतो? आणि त्यानं मागितलं असेल, तर त्याला उभं राहायचं आहे की तुमच्याकडं यायचं आहे? आणि त्याला तिकडं पाठवणारा हात वसंताचा असला, तर पोरानं मग कोणत्या तोंडानं भाकर खायची?

नाही म्हणता येत नव्हतं. मी म्हटलं, "देल्लं. पन मूठ मी दाखवीन तेच धरा लागंल, भाऊजी."

जेवणं झाल्यावर वसंतानं दोर काढला. झाडाच्या शेंड्याकडं बांधायचा आणि पाडायच्या बाजूला लांब न्यायचा, झाडाच्या उंचीच्या दुपटीनं. वसंतानं हात केला की त्या टोकानं ओढायचं. म्हटलं, भाऊजी, समोरची मूठ ही. लाकूड पडेपर्यंत सोडायची नाही, कायदा तुमचाच आहे. त्यानं टोक हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं. "लय लांब हाय, वयनी."

"आंबा बी उंच हाय," मी म्हटलं.

तो दोराचं टोक मनगटाला गुंडाळायला लागला. वसंतानं हळूच सोडवलं. दोर मनगटाला कधी गुंडाळायचा नाही, झाड वळलं तर माणसाला ओढून नेतं. सोडवू दिला त्यानं. तेव्हापासून ओट्यावर बसला आहे, दोर मांडीवर घेऊन. मधूनच अंग मागं-पुढं हलतं.

वसंतानं दुपारीच जाऊन आंब्याला कुऱ्हाडीचा तुंबा, मागची बोथट बाजू, ठोकून पाहिला. आवाज चांगला नाही. आत पोकळ आहे. पोकळ झाड दोराचं ऐकेलच असं नाही, त्याला वाटेल तिकडं पडतं. स्वतःला मागं पळायची वाट त्यानं आधीच साफ करून ठेवली आहे. सखारामची वाट मला साफ करायची आहे.

तुम्हाला वचन देते. उद्या मी दोराच्या टोकाशी सखारामच्या मागं बसणार. मशीन बंद होऊन साखळी थांबत नाही तोवर त्याच्या धोतराचा सोगा माझ्या मुठीत असेल. लोक म्हणतील म्हातारीला चळ लागला. म्हणू द्या. त्यानं एक पाऊल टाकलं तर धोतर माझ्या हातात राहील, आणि उघडा होऊन तो काही पुढं जायचा नाही. एवढी लाज त्याला अजून आहे.

तुम्ही एक करा. त्याला हाक मारू नका. तिकडं एकट्याला करमत नसेल तर दम धरा, माझंही वय झालं आहे. आणि सखारामचं पान तिकडं मांडू नका, त्याचं दुपारचं जेवण इथूनच जाणार आहे. शांता, हे तुझ्यासाठी. लिही आणि लक्षात ठेव. उद्या कामावर भाकरी पाठवशील, तेव्हा सखारामभाऊजींच्या ज्वारीच्या दोन वेगळ्या बांध. बेसनाचं चून घट्ट कर, पातळ त्यांना चालत नाही. कांदा फोडू नको, अख्खा दे. कांदा ते स्वतःच्या हातानं फोडतील.

तुमची,
वसंताची माय