पाखरांचा वाटा

१४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजी म्हणाले, तिला फोन नको, पत्र लिही, मी वाचून दाखवीन. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. भाऊजी, सांभाळून घ्या.

इकडे पानगळ ऐन रंगात आहे. रविवारी नदीकाठच्या बागेत पाय ठेवायला जागा नसते. पोरं पानांच्या ढिगांत उड्या मारतात आणि सोमवारी मी ते ढीग पुन्हा रचते. होडीवाल्याने होड्यांना पिवळा रंग दिला आणि तो वाळायच्या आत माणसं बसवली. निम्मं गाव पिवळ्या पाठीने घरी गेलं! तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

तू आपल्या झुडपांची डबाभर फळं मागितलीस. मी मात्र होडीवाल्याच्या गोष्टीआड लपतेय.

ताई, यंदा फळं नाहीत.

गेल्या हिवाळ्यात तू फोनवर म्हणालीस, "पुरे झाली ती बाग. आयुष्य घातलंस त्या झुडपांत, काय मिळालं? इकडे राहायला ये." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण दोघींनी लावलेली ती अख्खी रांग मी दुसऱ्या दिवशी हात पोचेल तिथवर बोडकी केली. तीस वर्षं माळीकाम करतेय. फळ जुन्या फांदीलाच धरतं, हे मला कुणी शिकवायला नको. माहीत असून कापलं. म्हटलं, पुढच्या वर्षी येतील की.

तुला तेव्हाच आजार कळला होता, हे मला आत्ता कळतंय. तू मला जवळ बोलवत होतीस आणि मी कात्री शोधत होते.

बाजारातून डबाभर आणून पाहिली. गोड निघाली. आपली नव्हेत, हे तू लगेच ओळखलं असतंस.

कुंपणाकडचा एक उंच शेंडा तेवढा वाचला होता, शिडी आणायचा कंटाळा केला म्हणून. "खालची फळं पोरांची, शेंड्याची पाखरांची" हा नियम तुझाच. लहानपणी मी शेंड्याचं एक तोडलं, तर तू पाठीत धपाटा घातला होतास. काल शिडी लावली. अकरा फळं मिळाली. पाखरं कुंपणावर बसून बघत होती. त्यांचा वाटा तुला पाठवतेय. गाडीच्या ड्रायव्हरकडे डबी दिली आहे.

त्याच गाडीत मीही बसले असते. पण तुझा निरोप आला, "येऊ नकोस, मला अशी बघू नकोस, फळं पाठव." तुझं ऐकायला मला फार उशिरा सुचलं.

परवापासून तुला पाणीही गिळवत नाही, ते मला ठाऊक आहे. भाऊजी, एक फळ चिरडून तिच्या ओठांना लावा. एवढंच करा.

झुडपांना नवे धुमारे आले आहेत. पुढच्या वर्षी ती लगडतील. मला ती नको आहेत, ताई.

शेंड्याची सगळी तोडली आहेत.

धपाट्याची वाट बघणारी,
तुझी धाकटी