नाक माझं, फुलं कॅमोमाइलची

३ मार्च
जगात अन्याय पुष्कळ झाले. पण आमच्या टेस्टिंग रूममधली चाकांची पिकदाणी कायम माझ्या सहकाऱ्याच्या, भुरकेश्वराच्या बाजूला असते, याची नोंद कुणीतरी करायलाच हवी. चहा चाखायचा आणि थुंकायचा, हा आम्हा दोघांचा धंदा. तो जागच्या जागी थुंकतो. मी बेडकासारखे गाल फुगवून खोली ओलांडतो. त्यात मुख्य टेस्टरची जागा रिकामी. वीस तारखेला दोघांची परीक्षा. चिडायचं नाही असं ठरवलं.

४ मार्च
चिडलो.

५ मार्च
शोध लागला! कॅमोमाइल. मधे पिवळी टिकली, भोवती पांढऱ्या पाकळ्या. दिसायला भोळं, पण गुण केवढे! झोप, पचन, मनःशांती, सूज, त्वचा. लोक शतकानुशतकं पीत आलेत, मलाच कुणी सांगितलं नाही. वाळलेली फुलं किलोभर मागवली. ही म्हणाली, एवढ्यात घोडा झोपेल. दुर्लक्ष केलं.

८ मार्च, सकाळी
झोप अप्रतिम. उठल्यापासून शिंका. वर्षानुवर्षांची घाण बाहेर पडते आहे. अभिनंदन माझं.

१० मार्च
कप वाढवले. शिवाय वाफ. शिवाय डोळ्यांवर फुलांची पुरचुंडी. डोळे इतके शांत झालेत की उघडतच नाहीत. ही म्हणते, अहो, अ‍ॅलर्जी आहे, बंद करा ते. हिलाही कपभर पाजलं. एक शिंक नाही! हिची घाण फारच चिवट दिसते.

१३ मार्च
ऑफिसात प्रसार. भुरकेश्वर खिडकीची काच थरथरेल असा भुरका मारून म्हणाला, छान आहे. पण दादा, तुमचं नाक बंद वाटतंय, परीक्षेपर्यंत जपा. प्रतिस्पर्ध्याची घबराट लगेच कळते.

१६ मार्च
आज एकाही चहाला वास नाही. माल निकृष्ट असल्याचं साहेबांना लेखी कळवलं. त्यांनी बोलावून विचारलं, सगळ्या मळ्यांचा माल एका रात्रीत कसा बिघडला? म्हटलं, हवामान.

१९ मार्च
परीक्षेची भीती शून्य. मुख्य टेस्टरच्या खुर्चीत बसून पाहिलं. शोभतो. डॉक्टरकडे न्यायचा हिचा डाव उधळला.

२० मार्च, सकाळी
डोस दुप्पट. विजय निश्चित.

२० मार्च, दुपारी
टेबलावर कपांची रांग. सुरुवातीच्या कपांना मी सौम्य म्हटलं. शेवटच्याला अतिसौम्य, खानदानी. साहेब म्हणाले, ते चमचे विसळायचं पाणी आहे. खुलासा करणार तोच शिंक आली. तोंडात घोट होता. समोर भुरकेश्वर होता. त्याचा कोट नवा होता, खास आजसाठी घेतलेला.
तो साहेबांना म्हणाला, दादांना बरं नाहीये, त्यांची परीक्षा पुढच्या आठवड्यात घ्या ना. साहेब नाही म्हणाले. जागा त्याला मिळाली. मळका कोट त्यानं लॉन्ड्रीच्या टोपलीत टाकला. मी तो पिशवीत घालून घरी आणला.

२१ मार्च
डॉक्टर म्हणाले, शेवंतीच्या कुळातलं फूल, काहींना सोसत नाही. हिनं चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि माझ्यासाठी रिक्षा थांबवली. ते जास्त लागलं.

२४ मार्च
नाक उघडलं. पहिला वास साबणाचा. कोट दोनदा धुतला. डाग गेले. कॉलरला वेगळी इस्त्री केली. ऑफिसात कुणी यायच्या आत त्याच्या खुंटीला अडकवला आणि वरचं बटण लावून दिलं.